जुन्या मोटारीचा योगक्षेम

आमच्या साताऱ्याच्या घरासमोर गेलीं पंधरा-सोळा वर्षें एक गडद निळी मर्सिडीज मोटार उभी असते. घरीं येणारा नवखा मनुष्य प्रथम त्या मोटारीकडे पाहतो, मग आमच्या पायांतील वहाणांकडे पाहतो, आणि मनांतल्या मनांत कांहीं तरी हिशेब करितो. निवृत्त मास्तरास ही मोटार परवडली कशी, हा त्याचा पहिला प्रश्न; आणि परवडलीच तर ती इतकी जुनी होईपर्यंत ठेवली कां, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. एकत्र कुटुंबांत मोठी खरेदी एकट्याच्या मर्जीनें होत नाहीं आणि तिचा भारही एकट्याच्या शिरावर पडत नाहीं. तेव्हां अशा खरेदीच्या विचारांत असलेल्या घरांस उपयोगीं पडावी म्हणून आमची हकीकत, तींतील आमच्या चुकीसह, येथें सांगतों.

शाळेंत संस्कृत शिकवितांना ‘योगक्षेम’ हा समास आम्हीं किती वेळां सोडविला असेल याची गणती नाहीं. जें मिळालें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. मुलांकडून आम्ही हें घोकून घेत होतों. परंतु या दोहोंपैकीं दुसरा शब्द पहिल्याहून किती महाग असतो, हें आम्हांस पन्नाशी उलटतांना एका मोटारीनें शिकविलें.

गोष्ट २००९ सालची. आम्ही तिघे बंधु. मधले बापू पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आयुष्य काढून साताऱ्यास परत आले होते व येथें त्यांनीं लहानसें वर्कशॉप घातलें होतें, धाकटे बँकेंत. आईंचें वय तेव्हां एकोणऐंशी. मणक्याच्या विकारामुळें त्यांस एस्. टी. चा प्रवास सोसेना, आणि गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला वर्षांतून एकदां जाण्याचा नेम तर त्या सोडीनात. तिघांनीं मिळून तीन लाखांच्या आंत मोटार घ्यावी असें ठरलें. त्याच वर्षीं टाटांची नॅनो ‘एक लाखाची मोटार’ म्हणून सर्वत्र गाजत होती. आमचें मत एखादी नवी, लहान मोटार घ्यावी असें होतें. बापूंनीं मात्र पुण्याच्या एका कारखानदार गृहस्थांची तेरा वर्षांची मर्सिडीज पाहून ठेवली होती. किंमत दोन लक्ष पंचाऐंशी हजार.

आम्हीं विरोध केला हें कबूल करितों. ‘लोक काय म्हणतील’ हें त्यांतील अर्धें कारण होतें. परंतु आई एकदां त्या मोटारींत बसून पुण्याहून साताऱ्यास आल्या, खंबाटकीचा घाट चढून उतरल्या, आणि घरीं पोहोंचल्यावर कोणाचा हात न धरतां पायऱ्या चढल्या. मग वाद संपला.

ही मोटार कोणती, तें थोडें सांगितलें पाहिजे. कारखान्याच्या बोलींत तिची मालिका ‘१२४’. जर्मनींत ती १९८४ च्या अखेरीस बाहेर पडली. तिच्या सर्व प्रकारच्या मिळून पंचवीस लाखांहून अधिक मोटारी झाल्या, आणि जर्मनींतील टॅक्सीवाल्यांनीं तिला वर्षानुवर्षें राबविलें. श्रीमंतांची म्हणून जी नांवाजली, ती भाड्यानें राबणारांचीही आवडती होती हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्याकडे या नाममुद्रेची ओळख त्याहून जुनी. १९५४ पासून १९६९ पर्यंत टेल्कोच्या मालमोटारी दाइमलर-बेंझच्या सहकार्यानें तयार होत होत्या. पुढें १९९४ सालीं दोघांची पुनः भागीदारी झाली, आणि १९९५ पासून पिंपरीस टेल्कोच्या कारखान्यांत याच १२४ मालिकेच्या मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना २००९ सालचा, म्हणजे बराच नंतरचा. आमची मोटार १९९६ सालची, पिंपरीची. बापू तिला ‘आमच्या गांवची लेक’ म्हणत.

इंजिन डिझेलचें, पांच सिलिंडरांचें, २४९७ घनसेंटिमीटरांचें. वेग घेण्यास तें मंद आहे. घाटांत मागून येणारीं पोरें भोंगे वाजवून पुढें निघून जातात. पण मागच्या प्रत्येक चाकास पांच-पांच दांड्यांनीं तोलून धरण्याची जी योजना आहे, तिच्यामुळें खड्ड्यांतून जातांना धक्का पाठीपर्यंत येत नाहीं. आईंचा मणका निभावला तो या दांड्यांमुळें. पुढच्या कांचेवर पाणी पुसणारा हात एकच; तो कोपऱ्याकडे जातांना लांबतो व मध्यें येतांना आखडतो. घरांतील मुलें पावसाळ्यांत तेवढ्याचसाठीं मोटारींत जाऊन बसत.

असो. योग झाला, आतां क्षेम.

घेतल्यापासून पहिल्या वर्षांतच मोटारीनें एक लक्ष बारा हजार रुपये खाल्ले. डिझेल त्यांत धरलेलें नाहीं. आम्ही हादरून गेलों. वस्तुतः कांहींच मोडलें नव्हतें. मिस्त्रींनीं आम्हांस समोर बसवून समजावून सांगितलें कीं, गुरुजी, लोखंड चालण्यानें झिजतें, रबर मात्र नुसतें उभें राहूनही मरतें. एक लक्ष अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर चालणें या इंजिनास फारसें नव्हतें. पण इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतें त्या बैठका, दांड्यांच्या टोकांचे बुश, पाण्याचे नळ, हीं सर्व तेरा वर्षांचीं झालीं होतीं. टायर तर वरून नवे दिसत होते. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिल्या दोहोंत आठवडा व पुढील दोहोंत वर्ष. आमच्या टायरांवर ३२०१ होतें, म्हणजे २००१ सालचा बत्तिसावा आठवडा. आठ वर्षांचे टायर, नक्षी शाबूत आणि कडेवर केसासारख्या भेगा. ते बदलावेच लागले.

येथेंच पुष्कळ कुटुंबें फसतात. जुनी उंची मोटार लहान मोटारीच्या किमतींत मिळते, म्हणून ती लहान मोटारीच्या खर्चांत चालेल असें आपण धरून चालतों. किंमत उतरलेली असते ती विकण्याची. तिच्या सुट्या भागांस मालक मास्तर आहे कीं कारखानदार आहे हें कळत नाहीं.

कांहीं दुखणीं मात्र हंसविणारीं होतीं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी तोडली कीं इंजिन थांबतें. डिझेलांत ठिणगीच नसल्यामुळें त्याचें इंधनच बंद करावें लागतें. आमच्या मोटारींत तें काम इंजिनावरील एक पंप बारीक नळ्यांतून हवा ओढून घेऊन करितो. त्यांपैकीं एका नळीचा रबरी कोपरा चिरला. एका मुंजीच्या कार्यालयासमोर मोटार उभी करून बापूंनीं किल्ली काढली, खिशांत टाकली, आम्ही सर्व उतरलों, आणि इंजिन आपलें चालूच! बटूसह सारी मुलें भोंवतीं जमली. आंत मंगलाष्टकें सुरू झालीं तरी हें शांत होईना. अखेर मिस्त्रींस फोन केला. ते म्हणाले, “गुरुजी, घाबरूं नका. बॉनेट उघडा. इंजिनावर एक छोटी दांडी आहे, ‘स्टॉप’ लिहिलंय बघा, ती दाबून धरा.” दांडी दाबली, आणि मोटार थांबली. अक्षता हातांतच राहिल्या होत्या, त्या आम्हीं मागाहून टाकल्या. नळीचा कोपरा किरकोळ पैशांत आला.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती हंसण्यासारखी नाहीं.

२०१३ च्या माघांत आमच्या कन्येचें लग्न झालें. तिजोरीची किल्ली घरांत वडील म्हणून आमच्याकडे. लग्नाच्या आधींचा दसरा आणि लग्नानंतरचा दसरा, दोन्ही वेळां मिस्त्रींनीं सांगितलें होतें कीं ब्रेक ऑइल काळें पडलें आहे, बदलून टाकूं. मजुरीसह चौदाशें रुपयांचें काम. दोन्ही वेळां आम्हीं विचारलें, “ब्रेक लागतो ना?” ते म्हणाले, “लागतो.” “मग पाडव्याला पाहूं.” पाडवा आला आणि गेला. लग्नांत केवळ आहेराच्या पाकिटांवर याहून अधिक खर्च झाला होता.

२०१४ च्या मे महिन्यांत गुहागरास निघालों. बापू चालवीत होते, आम्ही त्यांच्या शेजारीं. मागें आई, बापूंची पत्नी व त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा. बाकीची मंडळी एस्. टी. नें मागून येणार होती. उंब्रज, पाटण, कोयनानगर करून आम्ही कुंभार्लीचा घाट उतरूं लागलों. पुढें एक भरलेली मालमोटार रांगत होती. तिच्या मागें राहून बापूंचा पाय सारखा ब्रेकवर. ऊन मी म्हणत होतें. घाट निम्मा उतरला असेल नसेल, बापू हळू आवाजांत म्हणाले, “दादा, ब्रेक नाहीं.”

आम्हांस प्रथम अर्थच कळेना. त्यांचा पाय तळाला टेंकला होता आणि मोटार जात होती. पुढची मालमोटार वळणाआड गेली. वळणाच्या पलीकडे दरी. बापूंनीं गियर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला, इंजिन किंचाळलें, वेग थोडा मोडला. मग मोटार उभी करण्याचा जो निराळा ब्रेक असतो तो थोडा थोडा लावीत त्यांनीं ती डोंगराच्या अंगास घेतली. डावीकडील पत्रा दगडांवरून खरवडत गेला, चाक गटारांत उतरलें, आणि मोटार थांबली. वळण वीस-पंचवीस पावलांवर होतें. मागून आईंचा आवाज आला, “पोहोंचलों का रे?” त्यांचा डोळा लागला होता.

अर्ध्या तासानें बापूंनीं ब्रेक दाबून पाहिला, तों तो पूर्ववत् कठीण! आम्ही अज्ञानानें म्हणालों, “आला कीं ब्रेक, निघूं या.” त्या दिवशीं प्रथमच धाकट्या भावानें आमचा शब्द मोडला. ते म्हणाले, “दादा, आतां मी एक पाऊलही नेणार नाहीं.” आईंस व भावजयीस मागून आलेल्या एस्. टी. त बसवून दिलें. चिपळुणाहून मिस्त्री बोलावला. त्यानें रस्त्यावरच जुनें तेल काढलें. तें काढ्यासारखें काळें होतें.

यामागील कारण बापूंनीं आम्हांस तेथेंच, गटाराच्या कठड्यावर बसून सांगितलें, तें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ब्रेकच्या नळ्यांत जें द्रव असतें तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. आपण पाय दाबतों तो जोर त्या द्रवाकरवीं चाकांशीं पोहोंचतो, कारण द्रव दाबलें जात नाहीं. ‘डॉट ४’ या प्रतीचें तेल नवें असतां किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये, असें प्रमाण आहे. पाणी मुरल्यावर तेंच प्रमाण १५५ अंशांवर येतें. घाटांत सारखा ब्रेक धरला म्हणजे चाकांपाशीं उष्णता भयंकर वाढते, मुरलेलें पाणी उकळतें, नळींत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा मात्र दाबला जातो. पायाचा सारा जोर त्यांतच जिरतो, चाकांशीं कांहींच पोहोंचत नाहीं. थंड झालें कीं वाफेचें पुनः पाणी, आणि ब्रेक परत येतो. म्हणून ‘ब्रेक लागतो ना’ हा आमचा प्रश्नच चुकीचा होता. साताऱ्यांत तो लागतच होता.

रात्रीं गुहागरास आम्हीं आईंपुढें मोटारीस बोल लावला. जुनी वस्तु घरांत आणूंच नये असें कांहींसें म्हणालों. आई माळ ओढीत होत्या. त्या म्हणाल्या, “गाडीला कशाला नांवं ठेवतोस? तिनं सांगितलं होतं का तुला, मला उपाशी ठेव म्हणून?” पुढें त्या विषयावर त्या कधीं बोलल्या नाहींत. पुतण्या ऐकत होता.

त्या दिवसापासून मोटारीची वही आमच्या हातीं आली. घरच्या पंचांगाशीं ती बांधून टाकली आहे. एक पाडवा सोडून दुसऱ्या पाडव्यास ब्रेक ऑइल, मग ते कितीही स्वच्छ दिसो. दसऱ्यास झेंडूच्या माळेआधीं इंजिनाचें तेल व गाळणी. टायर सहा वर्षांनीं, नक्षी असो वा नसो. इंजिनांत विहिरीचें पाणी कदापि नाहीं, योग्य कूलंटच. घाट उतरतांना मोटार ज्या गियरांत चढली असती त्याच गियरांत उतरावी, हें वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईनें लिहिलें आहे. सुटे भाग पुण्या-मुंबईंत मिळतात. कांहीं कुर्ल्याच्या भंगार बाजारांतून आणलेले आहेत. मात्र ब्रेक आणि सुकाणू यांचा एकही भाग आम्ही वापरलेला घेत नाहीं. काटकसर करावयाची तर ती आसनांच्या कापडांत करावी.

वहीप्रमाणें २००९ च्या दिवाळीपासून २०२४ अखेरपर्यंत देखभालीवर अकरा लक्ष सदतीस हजार रुपये लागले, म्हणजे वर्षास सुमारें शहात्तर हजार, खरेदीच्या जवळजवळ चौपट. तिघांत वांटून तें सोसलें. एकट्या मास्तरास मुळींच सोसलें नसतें. म्हणून कोणी सल्ला विचारला तर आम्ही सांगतों कीं, मोटारीची किंमत हातीं आहे तेवढ्यावर निघूं नका. तितकीच दुसरी रक्कम बँकेंत असेल तर पुढें बोलूं. मोटारीच्या आधीं मिस्त्री शोधा. आणि मोटारीपेक्षां विकणारा मालक नीट पाहा; आमच्या विक्रेत्यांकडे तेरा वर्षांच्या प्रत्येक कामाची पावती होती, तीच आम्हांस मिळालेली खरी संपत्ति. घरांत मिळवता एकच असेल, किंवा मोटारीवांचून रोजचें काम अडत असेल, त्यानें या वाटेस जाऊं नये.

आई २०१९ सालीं गेल्या. शेवटल्या आजारांत पुण्याच्या रुग्णालयांतून त्यांस घरीं आणावयाचें होतें. रुग्णवाहिकेस त्यांनीं नकार दिला. मागच्या आसनावर आडव्या होऊन त्या आल्या. शिरवळच्या पुढें एकदां डोळे उघडून ‘हळू चालव’ म्हणाल्या. बापू तेव्हां चाळिसांच्या वेगानें चालवीत होते.

आतां मोटारीचें काय करावें हा वाद घरांत चालूं आहे. बापूंच्या डोळ्यांत मोतीबिंदु. रात्रीं ते चालवीत नाहींत. पुतण्या अभियंता होऊन पुण्यास विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कामांत आहे. त्याचें म्हणणें असें कीं, “दादाकाका, आजीसाठीं गाडी होती. आतां ती कोणासाठीं धूर सोडते?” त्यास उत्तर देणें सोपें नाहीं. भारतांत मोटारींच्या धुराचे ‘भारत स्टेज’ धर्तीचे नियम २००० सालीं आले. आमची मोटार त्याच्याही आधींची. दिल्लीच्या टापूंत दहा वर्षांवरील डिझेल मोटारींस २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें मनाई केली व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. जुन्या मोटारी मोडींत काढण्याचें धोरण केंद्र सरकारनें २०२१ सालीं जाहीर केलें. नोंदणीचें शुल्कही चढत गेलें. २०११, २०१६ व २०२१ असें तीन वेळां आम्हीं नूतनीकरण केलें. शेवटच्या वेळीं शुल्क सहाशें होतें. १ एप्रिल २०२२ पासून तें पांच हजार झालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींसाठीं दहा हजार. पर्यावरण कर निराळा. पांच वर्षांस दहा हजार म्हणजे कांहीं फार नव्हे, त्यासाठीं आम्ही मोटार मोडींत घालणार नाहीं. पण धुराचा मुद्दा रास्त आहे. आतां ती महिन्यांतून दोन-तीनदांच बाहेर निघते, गांवांतल्या कामासाठीं तर मुळींच नाहीं, आणि धुराची तपासणी दर वेळीं मुदतीच्या आधीं होते. एवढ्यानें पुतण्याचें समाधान होत नाहीं, होऊंही नये.

मिस्त्रीही थकले आहेत. त्यांचा मुलगा विजेच्या स्कूटरी दुरुस्त करितो. या इंजिनाला हात लावावयाचा झाला म्हणजे तो बापास खुर्चीवर शेजारीं बसवून घेतो.

२०२६ चें नूतनीकरण करावें कीं नाहीं, हें तिघा बंधूंच्या बैठकींत अद्याप ठरलेलें नाहीं. धाकटे म्हणतात विकावी. बापू गप्प बसतात. मात्र गेल्या पाडव्यास आम्ही तापानें निजलों होतों, आणि वही उघडावयाची राहून गेली. चार दिवसांनीं आठवण होऊन उघडली, तों पाडव्याच्या तारखेखालीं पुतण्याच्या अक्षरांत नोंद होती: ‘ब्रेक ऑइल, डॉट ४, एक लिटर. चारही चाकांतून जुनें काढलें. मागील डाव्या दाराची कांच अर्ध्यावर अडकते, पुढच्या खेपेस.’